नारोशंकराची घंटा आणि वसईच्या बाई



मागच्या खेपेला तांब्या-पितळेच्या भांड्यांवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. चाळीसगावच्या एका भगिनींनी विचारलंय, की देवघरातली आजेसासूबाईंच्या वेळची घंटा हिरवट पडली आहे, चिंच लावून कितीही घासली तरी पिवळीधमक होत नाही, काय करावं? अहो, ती पिवळीधमक होणारच नाही, कारण बहुधा ती पितळेची नाहीच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. चांगल्या आवाजाची घंटा काशाची असते आणि काशाचा रंग मुळातच जरा तपकिरीकडे झुकणारा. चिंचेचा कोळ लावा, लगेच धुवा, मऊ फडक्यानं कोरडी करा. एवढं पुरे. विटकरीची पूड आणि तारेची घासणी यांच्या नादी लागू नका. घासून घासून घंटेवरची अक्षरं जातात. शिवाय कासं ठिसूळ. ओट्यावरून फरशीवर पडलं तर तडकतं आणि तडकलेली घंटा बद्द वाजते, मग तिला कितीही चकाकवा.

घंटेवरच्या अक्षरांवरून गेल्या वर्षाची एक हकिगत आठवली. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी वसईच्या बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की. पण माझं आणि गावाचं नाव नको."

वसईच्या बाई म्हणजे आमच्या शाळेत मराठी शिकवतात त्या. यजमान रेल्वेत, बिऱ्हाड भुसावळला; रोज गाडीनं जळगावला येतात. ख्रिस्ती आहेत. मराठी माझ्याहून शुद्ध. माझ्या तोंडून 'तिने मला बोलली' गेलं की लगेच भुवई वर. मी अर्धवेळ. दुपारपर्यंत सातवी-आठवीला इतिहास, मग घर. आम्हा दोघींच्या वर्गांमध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचा पडदा आहे. आणि माझा आवाज! सासूबाई पारोळ्याकडच्या, मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्यांनी शेजारणीला सांगितलं होतं, "हाई सून नही, नारोशंकरनी घंटा शे!" नाशिकच्या नारोशंकराची घंटा म्हणजे ज्याचं तोंड थांबत नाही आणि आवाज पंचक्रोशीत पोचतो असं माणूस, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्यातल्याही कित्येकींना ही पदवी मिळालेली असेल.

तर पेशव्यांचा धडा चालला होता. वसईच्या मोहिमेला पुस्तकात मोजक्या ओळी. बी. ए.ला इतिहास घेतलेल्या बाईचं मोजक्या ओळींत कसं भागावं? मी रंगात आले. १५३४ साली वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली, तिथपासून सुरुवात केली. मग देवळांची पाडापाडी, मग चिमाजी अप्पा, वज्रेश्वरीला बोललेला नवस, तटाखालचे सुरुंग, दलदलीत पडलेली आपली माणसं. किल्ला हाती येत नाही तर माझं डोकं तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात पाडा, असं अप्पा म्हणाल्याची आख्यायिका सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकली. १७३९च्या मे महिन्यात वसई आली. शेवटी मी म्हटलं, "आणि पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपण हत्तींवर घालून आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या! नाशिकला जा, नारोशंकराच्या देवळावर आजही बघायला मिळेल." हत्ती माझ्या पदरचे, पण वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला, तर वसईच्या बाई म्हणाल्या, "घंटा ऐकली हो."

"कुठली?"

"आमचीच. फळ्यांतून अगदी स्पष्ट ऐकू आली."

हसून म्हणाल्या. पण त्या दिवशी माझ्या डब्यातलं भरीत त्यांनी घेतलं नाही. खानदेशात येऊन बारा वर्षं झालेली बाई थंडीच्या दिवसांत वांग्याचं भरीत नाकारते, म्हणजे काय ते मी समजले.

घरी पोळ्या लाटताना तेच डोक्यात. मी 'आपण' म्हटलं होतं आणि 'त्यांच्या' म्हटलं होतं. फळ्यांच्या पलीकडे उभी राहून व्याकरण शिकवणारी बाई त्यांतल्या कुठल्या शब्दात होती? दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा नेला. त्यांनी घेतला. मग मी विचारलं, "रागावलात?"

"राग कसला हो. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे, पण दुसऱ्या टोकाकडून. आमचे पूर्वज तिथलेच. पोर्तुगीज आले, त्यांनी आमची जुनी देवळं पाडली. तुम्ही मुलांना सांगितलंत त्यात खोटं काही नाही. मग जे नवं देऊळ पिढ्यान्‌पिढ्या आमचं झालं, त्याचीही घंटा गेली. तुम्ही म्हणता, घंटा पोर्तुगीजांची गेली. पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले. आमची मात्र दोनदा गेली."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्यासारखीजवळ उत्तर नाही, म्हणजे बघा.

दिवाळीला माहेरी धुळ्याला गेले होते, तिथून भाऊबीज आटोपून मुलांना घेऊन नाशिकला मावशीकडे निघाले. आग्रा रोडने एस. टी. मालेगावात शिरली, तेव्हा थोरलीला किल्ला दाखवला. हा भुईकोटही सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांचाच. त्यांनीच १७४७ साली गोदावरीच्या काठी पंचवटीत रामेश्वराचं देऊळ बांधलं. देवाचं नाव मागे पडलं आणि लोकांच्या तोंडी राहिलं बांधणाऱ्याचं. लहानपणी आजीचं बोट धरून मी तिथे कितीदा गेले असेन, पण घंटेकडे कधी नीट बघितलं नव्हतं. नदीकडच्या भिंतीवर, उंच, कमानीच्या छत्रीत ती टांगलेली आहे. आपल्या देवळातल्या घंटेसारखी नाही. तोंडाशी घागऱ्यासारखी पसरलेली. नाशिककरांना पुराचं मोजमाप म्हणूनही ती ठाऊक. गोदावरी चढली, की दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत जातंय का, हेच आधी विचारतात. मावशीनं १९६९चा पूर लहानपणी पाहिलेला, २०१६चा आम्ही टी. व्ही.वर पाहिला.

थोरलीनं मोबाईलमधून फोटो काढून मोठा केला. "आई, आकडे आहेत. सतराशे एकवीस."

घंटेवर १७२१ ओतलेलं आहे, हे मी वाचलं होतं. आकडे आपले नव्हेत, पोर्तुगीजांचे. वसईच्या विजयाची म्हणूनच ती ओळखली जाते. मी हिशेब केला. १७२१ची, म्हणजे वसई पडली तेव्हा अठरा वर्षांची. माझी आजी अठराव्या वर्षी साक्रीकडून धुळ्याला आली होती, लोटा-परातीवर माहेरचं नाव घालून. ती परात अजून माझ्या भावाच्या घरी आहे. तिच्यावरचं नाव आता आमच्यात कुणाचंच नाही, पण कणीक रोज तिच्यातच मळतात.

धाकट्यानं विचारलं, "ही वाजवायची कुणी?" वर दोर दिसत नव्हता. मी म्हटलं, "नदीनं."

परत आल्यावर वसईच्या बाईंना फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग आपणहून सांगू लागल्या. त्यांच्याकडे नवी घंटा चढवायच्या आधी तिला आशीर्वाद देतात, पवित्र पाण्यानं धुतात, तिला संताचं नाव ठेवतात. थोडक्यात, बारसं! म्हणून मेणवलीची ती प्रसिद्ध घंटा बघा, वाईजवळची, नाना फडणविसांच्या घाटावरची: तिच्यावर १७०७ साल आहे आणि कडेवर बाळ घेतलेली मेरी आहे. नसरापूरच्या बनेश्वराच्या घंटेवर १६८३. भीमाशंकरालाही तशीच एक. पुजारी हात जोडून वाजवतात, भक्त वाजवतात, कुणाचं काही बिघडत नाही.

"आणि तुमच्याकडे वाजवतात कशी?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी पुण्याची गोष्ट सांगितली. बी. एड.ला त्या पुण्यात होत्या. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन माहीत आहे ना? १८९० साली तिथे चहा पुढे आला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झालं, आणि पुढे प्रायश्चित्ताच्या वेळी रमाबाई रानड्यांच्या जिवाची काय घालमेल झाली ती त्यांनी आपल्या आठवणींत लिहिली आहे. (पुरुषांनी चहा घ्यायचा आणि घालमेल बायकांनी सोसायची, हे तेव्हापासूनच.) तिथल्या पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्यात लहानमोठ्या आठ घंटा आहेत, विलायतेहून आणलेल्या. इंग्रजी पद्धत अशी, की दर घंटेला एक दोर आणि दर दोराला एक माणूस. आधी बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत ओळीनं वाजवायच्या, मग दर फेरीला शेजारच्या दोघांनी जागा बदलायच्या. एक-दोन-तीन-चार, मग दोन-एक-चार-तीन, असं. गाणं नाही, हिशेबच तो. एकाचा दोर अर्धा क्षण चुकला की सगळी फेरी विस्कटते. "आमच्या गावाला एकच घंटा," बाई म्हणाल्या, "तिला हिशेब कमी, पण काम फार." आणि मग, "मे महिन्यात या ना माझ्या माहेरी. वाजवायला मिळेल."

सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "चर्चात जाऊन घंटा वाजवणार? आपल्याकडे काय कमी आहेत? पद्मालयाला जा, केवढी मोठी घंटा आहे." खरंच आहे ते. एरंडोलजवळच्या पद्मालयाला कमळांच्या तळ्याकाठी गणपतीपुढची ती घंटा माझ्या धाकट्यानं दोन्ही हातांनी ढकलून वाजवली आहे आणि कानांवर हात ठेवून पळाला आहे. मी एवढंच म्हटलं, "आई, नारोशंकराची सून आहे मी. घंटेचं माहेर बघून येते." त्यांना हसू आवरलं नाही. जाताना त्यांनीच बाईंच्या आईसाठी बिबड्या बांधून दिल्या.

सुरतेच्या मार्गानं जाणारी रात्रीची गाडी धरली: अमळनेर, नंदुरबार, सुरत आणि पहाटे बोरिवली. तिथून लोकलनं मागे वसई रोड. स्टेशनाबाहेरची गर्दी संपली, की विहिरी, वाड्या, फुलांची शेतं आणि केळी. केळी बघून आम्ही जळगावकर जरा तोऱ्यात! पण त्यांची राजेळी जात वेगळी, तिची उन्हात वाळवून सुकेळी करतात, गूळ न घालता गोड. बाईंच्या आईनं ताटलीभर पुढे ठेवली. ऐंशीच्या पुढच्या आजी, अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं. ते लोक कुपारी म्हणवतात, आपसात बोलतात ती सामवेदी बोली मला चौथ्या वाक्याला सुटली. माझ्याशी मात्र त्या छापील मराठी बोलल्या. मराठी मिस्सा, मराठी प्रार्थना, घरात 'सुवार्ता'चे जुने अंक. २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मुलखातले. ते २०२४ साली गेले, तेव्हाचं कात्रण आजींनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे.

दुपारी उन्हं कलल्यावर किल्ल्यात गेलो. आधी चिमाजी अप्पांच्या स्मारकाला नमस्कार केला. बाईही आल्या, त्यांनीही हात जोडले. मग आतली देवळं. सेंट जोसेफचा मनोरा उभा आहे, छप्पर गेलेलं, वडाच्या मुळ्यांनी भिंती धरून ठेवलेल्या. मनोऱ्याच्या वरच्या कमानीतून नुसतं आभाळ दिसतं. थोरली बराच वेळ वर बघत होती. "इथली नाशिकला गेली?" बाई म्हणाल्या, "इथलीच असं कसं सांगणार? इथे देवळं पुष्कळ होती. एकेकीची वाट वेगळी." किल्ल्यातल्याच एका पडक्या देवळात गोन्सालो गार्सियाचा सण अजून होतो. वसईत जन्मलेला हा मुलगा १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ साली संत ठरला. बाकी आठवडाभर तिथे शेळ्या आणि फोटो काढणारी नवी जोडपी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण वर्गात मी ती सांगितली नव्हती. किल्ला स्वाधीन करून घेताना जो तह झाला, त्यात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेनं आपला धर्म पाळावा, अशी मुभा अप्पांनी दिली होती. घंटा गेल्या, प्रार्थना राहिली. बाईंचं घराणं त्या कलमावर राहिलेलं.

परतताना थोरलीनं सहज विचारलं, "बाई, तुमच्या गावची घंटा तुम्ही किती वेळा वाजवली?"

"एकदाही नाही."

मग कळलं ते असं. बाईंचे वडील तीस वर्षं ती घंटा वाजवत. पगार नाही, नेमणूक नाही, एका घराकडे चालत आलेलं काम. पहाटे, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला. बागेत पाणी लावलेलं असलं तरी दांड तसाच सोडून जायचे. तीन ठोके, थांबायचं, तीन, थांबायचं, तीन, थांबायचं, मग सलग नऊ. मधल्या थांब्यांत घरोघरी 'नमो मारिया' म्हणतात. बायका चुलीपुढे हातातलं काम थांबवून म्हणत. गावात कुणी गेलं तर एकेक ठोका, मध्ये बराच वेळ सोडून. आजी घरात बसून ओळखायच्या: आज नवऱ्याचा हात आहे की ताप आला म्हणून दुसरं कुणी गेलंय. वडील गेले तेव्हा भाऊ आखातात नोकरीला, लगेच येऊ शकला नाही. बाई भुसावळहून रातोरात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाबांची घंटा मी वाजवते. तेव्हाच्या थोरांनी सांगितलं, मनोऱ्याखाली बायकांनी जायची रीत नाही. शेजारच्या कुणी वाजवली. "बरोबर वाजवली," बाई म्हणाल्या. "पण मी मोजत बसले होते."

पुढचं मी जरा सावकाश सांगते.

दिवेलागणीला देवळात गेलो. नवे फादर तरुण, हसतमुख. खानदेशातून पाहुण्या आल्यात म्हटल्यावर लगेच होकार दिला. आता घंटेचं काम एक काका बघतात. मनोऱ्याच्या तळाशी लहानशी खोली, भिंतीला खुंटी, छताच्या भोकातून खाली आलेला जाड दोर, हाताच्या जागी तेलकट काळा झालेला. काकांनी तो खुंटीवरून सोडून माझ्या हातात दिला. "वाजवा की, पाहुण्या आहात."

मी देवळातल्या सवयीनं एक हिसका दिला. काहीच नाही. काका म्हणाले, "इथे दोर लोलकाला नाही, घंटा ज्या आडव्या तुळईला बांधली आहे, तिला आहे. पहिला हिसका फुकट. तिला डुलू द्या. दोर वर जातो तेव्हा धरून ठेवू नका, हात सैल सोडा, नाही तर वर ओढली जाल." दुसऱ्यांदा ओढला. वरून एक ठोका पडला, तो कानात नाही, पायांखालच्या फरशीतून आला. दोर सर्रकन वर गेला आणि माझ्या टाचा उचलल्या. धाकटा टाळ्या वाजवत होता.

आणि मग मला दिसलं, की बाई खोलीच्या आत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या आहेत, माझी पर्स आणि मुलांच्या चपला सांभाळत.

अहो, मी परकी, धर्मानं वेगळी, गावानं वेगळी, आणि माझ्या हातात दोर. आणि जिच्या बापानं तो दोर काळा केला, ती माझी पर्स धरून बाहेर. मला त्या क्षणी फार चोरट्यासारखं झालं. मी म्हटलं, "बाई, या. मला तीन-तीन जमणार नाही, वेळ होत आलीय."

"नको हो. तुमच्यासाठी आलो आपण."

मी काकांकडे बघितलं. आता हे काय म्हणतात! काका खाकरले. म्हणाले, "बऱ्याच ठिकाणी आता विजेवर वाजते. बटण पोरीसुद्धा दाबतात. मग दोरालाच काय झालंय?" आणि बाजूला सरकले.

बाईंनी पर्स माझ्या थोरलीकडे दिली, पदर कमरेला खोचला. दोर असा धरला, जसा मी पोळपाट धरते, विचार न करता. पहिला हिसका त्यांनी बाहेरच्या बाहेर घालवला, मग तीन. ओठ हलत होते. तीन. पुन्हा तीन. दोर वर जाताना हात सैल, खाली येताना घट्ट. मग नऊ, एकसारखे, हळदीकुंकवाच्या बोटांसारखे. आम्ही कुणी बोललो नाही. नऊ झाले, दोर हळूहळू शांत झाला. त्या तो सोडतील असं वाटलं. पण त्यांनी दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला, बराच वेळ. आणि मग एकदाच ओढला. एकच ठोका. तो पूर्ण विरेपर्यंत उभ्या राहिल्या. काकांनी जमिनीकडे पाहिलं, म्हणाले काही नाही. दोर खुंटीला बाईंनीच बांधला.

घरी आलो तर आजी ओटीवर. लेकीकडे न बघता म्हणाल्या, "आज शेवटी एक जास्त वाजला."

"चुकून वाजला, आई."

"चुकून नाही वाजला," आजी म्हणाल्या, आणि हात टेकून उठून पानं घ्यायला गेल्या.

परत आले तर सासूबाईंनी आधी सुकेळी तोंडात टाकली, मग विचारलं, "वाजली का गं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या बाईच्या बापाला जाऊन किती वर्षं झाली?" मी म्हटलं, नऊ. त्यांनी दुसरी सुकेळी घेतली.

या वर्षी वसईचा धडा आला, तेव्हा मी फळ्यांवर टकटक केली आणि वसईच्या बाईंना बोलावलं. वेढा, सुरुंग, तोफ मी सांगितलं; आवाज थोडा कमी करून, असं त्या म्हणतात, मला तसं वाटत नाही. तह आणि घंटा त्यांनी सांगितलं. हत्ती मी वगळले. शेवटी टाळ्या वाजवायच्या की नाही हे मुलांना कळेना. काहींनी वाजवल्या, काही एकमेकांकडे बघत बसली. एका मुलीनं विचारलं, "मग आता ती घंटा कुणाची?" बाईंनी तिला सांगितलं, "तू नाशिकला जाऊन बघून ये आणि मला येऊन सांग." ती अजून गेलेली नाही, पण तिच्या आईनं सुटीत नेते म्हटलंय.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या गावच्या देवळात, नदीकाठच्या घाटावर, जुन्या वाड्यात मोठी घंटा असेल, तर तिच्यावर काही लिहिलंय का ते बघा. उंचावर असेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. हाताशी असेल तर ही सोपी युक्ती: अक्षरांवर पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी करून वरून हलकेच फिरवा, उठावाची अक्षरं कागदावर उतरतात. पुजाऱ्यांना आधी विचारा मात्र. अक्षरं देवनागरी असोत, मोडी असोत की परकी, काय उतरलं ते मला पाठवा. मी आणि वसईच्या बाई मिळून वाचायचा प्रयत्न करू.

आणि चाळीसगावच्या भगिनींनो, तुमच्या देवघरातल्या घंटेवरही कागद ठेवून बघा. चिंच त्यानंतर.